उखाआबांनी ठेवलेलं पिल

पिंप्राळ्यात आमच्या समोरच्या घरात एक शाळामास्तरीणबाई राहतात. त्यांनी हौसेनं अंगणात केळ लावली आहे. परवा मला हाताला धरून घेऊन गेल्या नि म्हणाल्या, "आजी, बघा ना, बाजूला किती छान पिल्लू आलंय! बाकीची काढते आणि हेच ठेवते."

मी वाकले. गुडघे कुरकुरले, पण वाकले. रुंद गुळगुळीत पानांचं, हिरवंगार, डोळ्यांत भरेल असं पिल होतं. मी म्हटलं, "बाई, हे काढा. पलीकडे ते अरुंद पानांचं, तलवारीसारखं उभं आलंय ना, ते ठेवा."

"ते? अहो ते किती किरकोळ आहे!"

"बुडाशी हात लावून बघा," मी म्हटलं. "रुंद पानाचं वरून देखणं असतं, पण खाली त्याला कंदच नसतो. वाऱ्यानं हलतं, घड धरायची वेळ आली की मान टाकतं. तलवारीच्या पानाचं बुडाशी गाजरासारखं जाड लागेल."

त्यांनी हात लावून पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कृषी कॉलेजातून आले. मी चौथी शिकलेली बाई. हे मला ज्यांनी शिकवलं ते तर एकही यत्ता शिकले नव्हते. घरी आले, चहा केला, तो गार झाला, आणि दिवसभर उखाआबा काही डोळ्यांपुढून हलेनात.

नाव ऐकून हसू नका. आमच्याकडे ज्या बाईची मुलं जगत नसत, ती नवं बाळ उकिरड्यावर नेऊन ठेवायची आणि दुसरीनं ते उचलून आणायचं. म्हणजे यमाला वाटावं, हे टाकून दिलेलं आहे, याच्याकडे काय बघायचं! त्या पोराचं नाव मग उखर्डू. त्याचे उखा झाले, वय झालं तसे उखाआबा. आबा स्वतःच म्हणायचे, "जे उकिरड्यावर जगलं ते कुठी बी जगतं."

आणि जगले ते. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी यावलच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, सरकारनं थोडी पडीत जमीन कसायला दिली. घ्यायला कोणी पुढे येईना. साग, सलई, करवंदीच्या जाळ्या, दगडगोटे, रानडुकरं, शिवाय हिवताप. आबांनी घेतली. गावात भावकीत वाट्याला आलेलं टीचभर रान भावाला देऊन टाकलं आणि एक बैलगाडी भरून निघाले. बायको गोदाअक्का, मुलगी जिजा, मुलगा मुरलीधर, एक गाय, आणि गोदाअक्काच्या मांडीत एक मडकं.

त्या मडक्यात विस्तव होता. गावच्या घरच्या चुलीतला, सासूच्या सासूपासून चालत आलेला. राखेत गोवऱ्या पुरून, वाटेत दोनदा नवी गोवरी घालून त्या बाईनं तो रानापर्यंत जिवंत आणला. आबांनी घर बांधायच्या आधी तीन दगड मांडून चूल केली. "खांब मागून. आधी धूर निघू दे," असं म्हणाले म्हणे.

मी दोन वर्षांनी लग्न होऊन तिथे गेले. माझं माहेर एरंडोल. आमच्या ह्यांनी आबांच्या शेजारची जमीन घेतली होती, म्हणजे वस्तीवर दुसरं घर आमचं, मधे दोन बांध आणि एक नाला. पहिल्याच दिवशी चूल पेटवायला मी काडीपेटी काढली, तर दारात गोदाअक्का उभ्या.

"ठेव ती काडीपेटी कोनाड्यात," त्या म्हणाल्या. "वस्तीवरच्या चुली एकाच विस्तवाच्या पाहिजेत. हा घे. अन् रातच्याले राखेत झाकून ठेवजो. विझू नको देऊ."

खापरावर ठेवलेली पेटती गोवरी त्यांनी माझ्या चुलीत सरकवली. मी वाकून नमस्कार केला. सोळा वर्षांची होते मी. चारी बाजूंनी जंगल बघून वाटलेली भीती त्या धुरानं जरा कमी झाली, हे मात्र खरं.

आबा दिसायला कसे होते म्हणाल तर बुटके, काळे, पाय किंचित बाहेर फाकलेले. बागेत चपला घालत नसत. डोक्याला मळका रुमाल आणि कमरेला विळा. बोलायचे कमी, पण झाडांशी फार. बांधावर त्यांनी एक रांग राखली होती. जंगल तोडताना ज्या ज्या जातीचं झाड तोडलं, त्या प्रत्येक जातीचं एक शिल्लक ठेवलं होतं. एक अंजन, एक सलई, एक धावडा, एक तेंदू. मी विचारलं तर म्हणाले, "हे साक्षीदार होयेत. मी काय काय केलं ते यायले माहीत हाये."

कोणी त्यांना वस्तीचा पहिला माणूस म्हटलं की त्यांना आवडत नसे. वरच्या पाड्यावरून एक पावरा आदिवासी म्हातारा मध विकायला यायचा, त्याच्याकडे बोट करत. "पहिले ते. यायचे बापजादे इथं चालत होते. मी फक्त खांब रोवला." दरवर्षी बागेतला पहिला घड त्या म्हाताऱ्याच्या घरी जायचा. आबा स्वतः खांद्यावर घेऊन चढ चढत. गोदाअक्का कुरकुरायच्या, "देवाले नही, अन् त्याले आधी!" आबा म्हणायचे, "देव मागत नही. त्याची जागा घेतली, त्यानं बी मागितलं नही. जो मागत नही त्याले आधी द्याव."

आता जिजीबद्दल सांगते, कारण उखाआबांची गोष्ट जिजीशिवाय सांगता येत नाही. ती माझ्याहून वर्षानं लहान, बापासारखीच काळी, बुटकी, केस तेलाविना राठ. विहीर खणताना दगड वर ओढायला ती, मोट हाकायला ती, पाटाचं पाणी वाफ्यातून वाफ्यात फिरवायला ती. केळीच्या बागेत दर आठ दिवसांनी फिरावं लागतं. बुडाशी पिलं फुटतात, ती कापावी लागतात, नाहीतर आईचा घड लहान राहतो. घड निसवायला, म्हणजे बाहेर पडायला आला की मग एकच पिल ठेवायचं, पुढच्या पिकाचं. एका खोडाला एकच. आबा आणि जिजी दोघं वाकून, बोटांनी माती उकरून, बुडखा दाबून बघत. कधी दोघांचं जुळायचं नाही.

"हे ठेव."

"नही आबा, हे वरून गोड दिसतं. याच्यात काही नही."

"दाब."

"दाबलं. पोकळ हाये. तुम्ही दाबा."

आबा दाबून बघायचे आणि हसायचे. "माझी माय निघाली रे ही!" मग तिनं सांगितलेलं ठेवायचे. तिच्याशेजारी वाकून वाकून मीही ते शिकले.

मुरली अगदी निराळा. आईवर गेलेला, गोरा, उंच, आवाज गोड. वस्तीवर कोणी पाहुणा आला की आधी मुरलीकडे बघायचा. "आबा, पोरगा राजबिंडा हाये हो!" आबांची छाती फुगायची, काही न बोलता रुमाल सारखा करायचे. पण पोरगं मनानं हळवं. एकदा उजाडता उजाडता डुकरांचा कळप बागेत शिरला. आबा यावलला गेलेले. जिजी तेलाचा रिकामा डबा बडवत, ओरडत सरळ कळपावर धावून गेली. तीन ओळी केळी आडव्या झाल्या, पण बाकी बाग वाचली. मी नि हे पळत गेलो, तर मुरली राखणीच्या उंच माळ्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. जिजी त्याला म्हणाली, "उतर रे. गेले ते. आबांले सांगीन तूबी होता म्हणून." आणि तसंच सांगितलं तिनं. आबांनी दोघांच्याही पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी तिनं खरं सांगितलं असतं तर! असं मला पुढे फार वेळा वाटलं. पण जी बहीण भावाची लाज राखते तिला दोष कसा द्यायचा?

मला वाचता यायचं, म्हणून आबा दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसत. आठवड्याचं वर्तमानपत्र ह्यांनी यावलहून आणलेलं असे. मी दाराच्या आत बसून वाचायची, पदर डोक्यावरून ओढलेला, ते बाहेर बसून ऐकायचे. सगळं ऐकायचे, लग्नाच्या जाहिरातीसुद्धा. शेवटी म्हणायचे, "झालं? इतकंच घडलं जगात?" आणि उठायचे.

जिजी अठराची झाली आणि दोन स्थळं आली. एक जवळच्याच गावचं. पाच भावांतला चौथा मुलगा, कष्टाळू, घरी त्याच्या वाट्याला जमीन अशी काही येणारच नव्हती. त्याच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "आबा, पोरगा तुमच्याकडेच राहील. तुमची पोरगी शेतातून काढू नका, शेत रडेल." दुसरं स्थळ धुळ्याचं. शहरात तेलाचा घाणा, फरशीचं घर, दारात नळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिजी माझ्याकडे आली. हात मातीचे, तसेच. चुलीपुढे बसली. म्हणाली, "वहिनी, आबांले तू सांग. तुझं ऐकतात ते."

"काय सांगू?"

"मले इथंच ठेवा म्हणावं. मुरलीले शिकायचं हाये, त्याले शिकू द्या. मी बाग पाहते." आणि मग खाली बघून म्हणाली, "तो मुलगा मी पाह्यला बी नही. तो काळा का गोरा, मले माहीत नही. मले बागेचं वाटतं."

मी म्हटलं, "सांगते." तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं.

आबा त्याच दुपारी आले. वर्तमानपत्र काही त्यांनी वाचायला सांगितलं नाही. दाराकडे न बघता म्हणाले, "पोरी, धुळ्याचं स्थळ पक्कं करावं म्हणतो. इथं काय हाये तिच्यासाठी? उन्हात करपली माझी पोर. तिथं नळाचं पाणी पिईल, सावलीत बसेल. अन् घरजावई ठेवला तर लोक म्हणतील, उखाचा पोरगा बिनकामाचा हाये. मुरली आता मोठा होईल. एका खोडाला एकच पिल ठेवावं." मग म्हणाले, "तुले काय वाटतं?"

बघा, त्यांनी विचारलं होतं. एवढा मोठा माणूस, माझ्यासारख्या पोरीला विचारत होता. आत चुलीवर भाकरी करपत होती, तिचा वास अजून माझ्या नाकात आहे. सासूबाई पलीकडे कापूस निवडत बसलेल्या. त्यांच्यादेखत परक्याच्या मुलीच्या लग्नात सुनेनं तोंड घालायचं? मी म्हटलं, "तुम्हाला कळतं तेच बरोबर असेल, आबा."

ते म्हणाले, "हं." आणि उठले.

जिजीनं मला कधी विचारलं नाही, सांगितलंस का म्हणून. लग्नात मी तिच्या पाठीशी उभी होते. तिच्या नखांत माती होती. हळद लावणाऱ्या बायकांनी काडीनं काढायचा प्रयत्न केला, पण ती निघाली नाही.

मग तिची कार्डं यायला लागली. जावई लिहायचे, ती सांगायची. ओट्यावर बसून मी वाचायची. त्यात स्वतःबद्दल एक अक्षर नसे. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या वाफ्यात पाणी तुंबतं, चर काढला का? ढवळ्या बैलाच्या खुराला औषध लावलं का? विहिरीच्या काठावरचा दगड हलतो, मुरलीला त्यावर उभं राहू देऊ नका. आबा म्हणायचे, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचायची. मग ते कार्ड रुमालात घालून सरळ त्या कोपऱ्याकडे जायचे.

पहिल्या दिवाळीला ती आली तर घरात न शिरता आधी बागेत गेली. शालूसकट वाकली. दुसऱ्या दिवाळीला बाळंतीण होती, आली नाही. तिसऱ्या दिवाळीला आली तेव्हा कडेवर मूल, हात स्वच्छ, रंग जरा उजळलेला. आबांनी विचारलं, "कसं काय जिजा?" ती म्हणाली, "बठ्ठं बरं शे, आबा."

आबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. धुळ्याकडे 'सगळं बरं आहे'ला तसंच म्हणतात, त्यात काही विशेष नाही. पण आमच्याकडे कोणी 'शे' म्हणत नाही. मी तिथेच होते. त्या क्षणी त्यांना कळलं की पोर गेली. लग्नात नाही कळलं, तेव्हा कळलं. दुपारी ती बागेच्या वाटेला लागली आणि मूल रडलं म्हणून अर्ध्यातून परत फिरली. आबा बांधावरून बघत होते. नंतर कार्डंही आखूड झाली. सर्व क्षेम, मुलांना सर्दी, नमस्कार.

आता मुरलीचं. जिजीच्या लग्नाच्या वेळी तो जळगावला मामाकडे राहून शिकत होता, लग्न होताच त्याला आबांनी शाळेतून काढून परत आणलं. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. तीन वर्षं त्यानं ते काम केलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. लोक त्याला नंतर बरंच बोलले. उठायचा, मोट धरायचा, पिलं कापायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं ठेवायचा. आबा मागून जाऊन निस्तरायचे. बाग दरसाल थोडी थोडी विरळ होत गेली. कलत्या उन्हात मुरली विहिरीवर बसून गायचा. फार सुरेख गायचा. वरच्या पाड्यापर्यंत ऐकू जायचं.

एक दिवस त्यानं सांगितलं. आम्ही सगळेच अंगणात शेंगा फोडत होतो. जळगावला एका मारवाडी शेटजींच्या कापडाच्या दुकानात त्याला जागा मिळत होती. आबा म्हणाले, "अन् हे कोण पाहील?"

मुरली खूप हळू बोलला. "आबा, मले या जंगलाची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. इथं मले झोप येत नही. जिजीले सारं माहीत होतं. तुम्ही मले कधी विचारलं नही, अन् मी कधी सांगितलं नही."

"त्या डुकराच्या दिवशी तर तू बहिणीच्या बरोबरीनं..."

"मी माळ्यावर होतो, आबा."

शेंगा फोडायचे सगळे हात थांबले. बोलल्या त्या गोदाअक्का. आयुष्यात नवऱ्यापुढे आवाज न चढवलेली बाई, तेव्हाही आवाज चढवला नाहीच. शेंगेकडे बघतच म्हणाल्या, "केळीखाली दहादा वाकता. बुडखा चाचपल्याशिवाय विळा लावत नही. अन् लेकरायचं नुसतं पान पाह्यलं तुम्ही."

आबा उठून बागेत गेले. मुरली दुसऱ्या आठवड्यात जळगावला गेला. कापड मापायला त्याचा हात छान बसला म्हणे. पोरगं वाईट नव्हतं. मला वाटतं, तेही बिचारं रुजवलेल्या जागी रुजायचा प्रयत्न करत होतं, जमलं नाही.

पुढच्या वर्षी गोदाअक्का हिवतापानं गेल्या. जाताना शुद्धीत होत्या. मला म्हणाल्या, "चुलीकडे पाहत जाय व." आबा एकटे झाले. स्वतः भाकरी थापायचे, जाड, अर्धी कच्ची. मी कालवण पाठवायची. रात्री गोदाअक्कासारखाच विस्तव राखेत झाकायचे, सकाळी फुंकून काढायचे. वर्तमानपत्र ऐकायला येत, पण लक्ष नसे. एकदा मधेच मला थांबवून म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी तुले विचारलं होतं. आठवतं?"

मी म्हटलं, "आठवतं, आबा."

"तुले तेव्हा बी माहीत होतं ना?"

मी दाराआडून होय म्हणून मान हलवली. त्यांनी ती बघितली की नाही, देव जाणे. म्हणाले, "वाच पुढं."

आणि मग एका सकाळी ते धुळ्याला निघाले. खांद्यावर ओलं पोतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. मी विचारलं, "काय नेताय आबा?" म्हणाले, "तीन पिलं. तलवारीच्या पानाची. पहाटेपासून निवडत होतो." धोतर धुतलेलं, रुमालही पांढरा. यावलला एसटीच्या कंडक्टरशी त्या ओल्या पोत्यावरून त्यांचं वाजलं, असं ह्यांना नंतर कळलं. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. आबा म्हणाले, "मग मीबी टपावर बसतो." शेवटी त्यानं मांडीवर घेऊ दिलं.

उद्या येतो म्हणाले होते, तिसऱ्या दिवशी दुपार कलताना आले. मी ओट्यावर धान्य पाखडत होते. ते पोतं घेऊनच आले. ओट्याच्या कडेला ठेवलं आणि बसले.

"जिजी बरी आहे?"

"बरी हाये. दोन लेकरं हायेत. जावई भला माणूस."

"मग पिलं परत आणली?"

"कुठी लावेल ती? सारं अंगण फरशीचं." आबांनी रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. "मी पिलं द्यायले नव्हतो गेलो, पोरी. विचारायले गेलो होतो, दोघं येता का म्हणून. जमीन नावावर करून देतो म्हणणार होतो. दोन दिवस बसलो. लेकरं शाळेत जात होती, येत होती. घाणा चालला होता. तोंडातून निघालंच नही."

"तिनं काही..."

"तिले कळलं. तिनं पोत्याची गाठ सोडली. एकेक पिल हातात घेतलं, बुडखा दाबून पाह्यला. तसंच, अंगठ्यानं. म्हणे, आबा, या वख्ताले निवड बराबर केली." आबांनी पोत्यावर हात ठेवला. "मग पुन्हा बांधलं. गाठ तिनंच मारली. मले सुटत नही इतकी पक्की."

मी सूप खाली ठेवलं.

ते उठले, घराकडे गेले आणि थोड्याच वेळात परत आले. दारात उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता, तेव्हाही नाही ओलांडला. हातात रिकामं खापर होतं.

"चूल विझली," म्हणाले. "तीन दिवस झाले ना. राखेत घालून गेलो होतो. मी उद्याच येणार होतो." मला तर त्यांच्या चुलीची आठवणच झाली नव्हती. गोदाअक्कांनी सांगून ठेवलेलं, तरी नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "काडीपेटी हाये घरात. पण तुझ्या चुलीतला गोदीनं दिलेला हाये. त्यातला दे थोडा."

आता मी तुम्हाला खरं सांगते. माझी चूल त्या दहा वर्षांत दोनदा विझली होती. एकदा पावसात छप्पर गळलं तेव्हा, आणि एकदा मी तापानं फणफणले होते तेव्हा. दोन्ही वेळा कोनाड्यातली काडीपेटी काढून मी पेटवली होती आणि गोदाअक्कांना कळू दिलं नव्हतं. त्यांनी मडक्यात आणलेला तो विस्तव वस्तीवर आता कुठेच नव्हता.

आबा खापर पुढे करून उभे होते.

मी आत गेले. चांगली फुललेली गोवरी निवडली, चिमट्यानं उचलून खापरावर ठेवली, वर थोडी राख भुरभुरवली, गोदाअक्कांनी शिकवली होती तशी. आणि गप्प बसले. त्या घरात त्यांच्यापुढे मी दोनदा गप्प बसले. पहिल्या वेळचं मला अजून टोचतं. या वेळचं मात्र टोचत नाही. बरोबर केलं की चूक, ते वर गेल्यावर गोदाअक्कांनाच विचारीन.

पंधरा दिवसांनी मी बाळंतपणाला एरंडोलला गेले. चार महिन्यांनी परत आले तोवर मुरली त्यांना जळगावला घेऊन गेला होता. तिथे ते फार दिवस काढू शकले नाहीत. जमीन पुढे दुसऱ्यानं घेतली. साक्षीदारांपैकी अंजन तेवढा उभा आहे म्हणतात. ओट्यावर राहिलेली ती तीन पिलं मी दुसऱ्याच दिवशी आमच्या विहिरीजवळ लावली होती. गाठ सुटेना, शेवटी सुतळी विळ्यानं कापावी लागली.

पण मला ते दिसतात ते त्या दुपारचेच. बांधावरून चालले आहेत, फाकलेल्या पायांनी, अगदी सावकाश. एका हातात खापर, दुसऱ्या हाताची ओंजळ वाऱ्याच्या बाजूला आडवी धरलेली. नाल्यात उतरताना दिसेनासे झाले, पलीकडे पुन्हा वर आले. मी सूप हातात घेऊन उभी. घरात शिरले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग छपरातून धूर निघाला.